पगडी डोक्यावरून डोक्यात

दोन-चार पुरस्कार पदरी पडले, शाल-श्रीफळ झालं, पुणेरी पगडीही चढली? अभिनंदन! आता प्रयोगशाळेकडे फिरकला नाहीत तरी चालेल. यापुढे फक्त मतं द्यायची.

मात्र स्वतःच्या विषयावर चुकूनही बोलू नका. त्यात चूक काढणारे पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळांत पैशाला पासरी आहेत. आहार, संस्कार, इतिहास, साथीचे रोग, सगळं रान मोकळं आहे. लायनस पॉलिंग बघा. १९५४ आणि १९६२, दोन नोबेल, दोन्ही एकट्याची. रेणूंचे बंध उलगडणारा हा माणूस पुढे क जीवनसत्त्वाच्या भल्यामोठ्या मात्रा सर्दीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर सुचवत राहिला. केरी म्युलिस तर त्याहून पोचलेले. डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रासाठी १९९३ चं नोबेल घेतलं आणि एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारलं. रक्तात एचआयव्ही किती आहे, ते त्याच पीसीआरने मोजतात!

विचारसरणी आधी ठरवा, पुरावा येतो मागून. डावी-उजवी कुठलीही चालते. आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेन्कोला सत्तेचा आशीर्वाद मिळाला आणि त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव १९४३ साली तुरुंगातच वारले. आपल्याकडे एवढं काही होत नाही, आपण नुसत्या टाळ्या वाजवतो. २०१५ च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. त्याला आधार म्हणून घेतलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडूच शकणार नाहीत, असं बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच तपासून लिहिलं होतं. पण असलं जुनं कोण वाचतं?

जयंत नारळीकरांच्या वाटेला तर जाऊच नका. फलज्योतिष एका भाषणात झोडपून मोकळं होता आलं असतं, पण हा गृहस्थ मोजत बसला. मूल हुशार की गतिमंद, हे पत्रिकेवरून ओळखायचं. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. उत्तरं बरोबर आली सरासरी ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर ५० आली असती. (विश्वाच्या जन्माचा महास्फोट सिद्धांत त्यांनाही पटला नाही म्हणा, पण तो वाद त्यांनी शोधनिबंधांतून घातला. व्यासपीठाचा केवढा अपव्यय!)

राहता राहिल्या चिठ्ठ्या. व्याख्यानाला प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून सांगतो. परवा सदाशिव पेठेत एका ज्येष्ठ सरांनी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने स्मरणशक्ती वाढते म्हणून सांगितलं. सभागृह खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाकरवडीच्या बिलामागे लिहिलेली चिठ्ठी आली. अक्षर शाळकरी होतं. ‘सर, किती जणांवर बघितलंत? स्टीलच्या भांड्यातलं पाणी पिणारेही होते का?’

सरांनी चष्मा चढवून ती दोनदा वाचली. पगडी सारखी केली. मग चिठ्ठीची चार घडी घालून ती समोरच्या तांब्याखाली सरकवली आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष मुरलेले.

“वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथेच थांबवू,” ते म्हणाले. “चहाची सोय बाहेर केली आहे.”