रात्री दोन वाजता स्टँडवर गरम चहा मिळायचा

१ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढला. दारूची दुकानं, बार वगैरे सोडले तर दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, असं त्यात स्पष्ट केलं. त्यानंतर माझ्या ओळखीपाळखीत जी चर्चा झाली ती सगळी मुंबईच्या नाइट लाइफची आणि पुण्यातल्या कॅफेंची. मला मात्र पहिल्यांदा आठवली एसटी स्टँडवरची कँटीनं. रात्रभर उघडी असलेली खाण्याची जागा महाराष्ट्राला नवी नाही हो. आपल्याकडे ती होती. सरकारी जागेत होती, कुणालाही परवडेल अशा दरात होती आणि जिल्ह्या-जिल्ह्यात होती. एकेक करून ती बंद पडत गेली आणि कुणी फारशी विचारपूसही केली नाही.

मी कराडची. शिकायला पुण्यात होते, नव्वदच्या दशकात. तेव्हा पुणे-कराड म्हणजे खंबाटकी घाटात गाडी अडकली की कधी पोचणार याचा भरवसा नसे. संध्याकाळी स्वारगेटहून निघालेली गाडी कराडात रात्री बाराला पोचेल, एकला पोचेल, काही सांगता यायचं नाही. मोबाइल नव्हते. घरी फोन नव्हता, तो शेजारच्यांकडे, आणि इतक्या रात्री त्यांना उठवायचं कसं? अण्णांनी त्यावर एक साधा नियम करून ठेवला होता. "उतरलीस की सरळ कँटीनमध्ये जाऊन बस. उजेडात बस. मी येतो." रात्री अकरानंतर ते लुना घेऊन थोड्या थोड्या वेळाने चक्कर मारायचे. मला त्या बसण्याची कधीही भीती वाटली नाही. आज माझी मुलगी त्या वयाची आहे आणि तिला मी असं एकही ठिकाण सांगू शकत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्या कँटीनमध्ये काय होतं? खरं तर काहीच खास नव्हतं. दाराशी गल्ला, गल्ल्याच्या मागे भिंतीवर रंगाने लिहिलेलं दरपत्रक. चहा, कॉफी, दूध, वडा, भजी, मिसळ, पुरीभाजी, राइसप्लेट. दर एसटी महामंडळाने मंजूर केलेले, त्यामुळे रात्र झाली म्हणून कुणी दोन रुपये जास्त लावले असं व्हायचं नाही. सनमायका लावलेली टेबलं, कडा उचकटलेल्या. प्रत्येक टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग आणि पालथे घातलेले पेले. काचेच्या कपाटात संध्याकाळचे लाडू आणि शेवेचा ढीग.

आणि ती भट्टी. आत मोठ्या बर्नरचा जो एकसुरी आवाज असायचा, तो स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाच्या फलाटावर ऐकू यायचा. चहावाला पितळी पातेल्यात आधी साखर-पाणी उकळून ठेवायचा. गाडी फलाटाला लागली की पावडर टाकायची, दूध ओतायचं, दोनदा वर येऊ द्यायचं आणि फडक्यातून पिळून किटलीत गाळायचं. ते फडकं इतकं तांबडं-काळं झालेलं असायचं की त्याच्याकडे बघून चहा पिऊ नये असं वाटावं, पण असा चहा मी नंतर कुठे प्यायलेले नाही. कप बशीसकट समोर यायचा, चहा बशीत सांडलेला. ड्रायव्हर लोक आधी बशीतला पिऊन टाकायचे, मग कपातला पुन्हा बशीत ओतायचे. गाडी दहा मिनिटं थांबणार म्हणजे बशीशिवाय उपाय नव्हता.

रात्री एक ते चार या वेळात तिथे कोण कोण यायचं, ते आठवलं की महाराष्ट्राचा सगळा कारभार डोळ्यांसमोर येतो. मुंबईहून गावी निघालेली माणसं, मांडीवर झोपलेली पोरं घेऊन. बदलीच्या गावी रुजू व्हायला चाललेले मास्तर. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट दाखवायला निघालेली कोकणातली कुटुंबं, कारण चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्या कराडला थांबायच्या. उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं. तीन-साडेतीनला वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरायचे. पेपर टाकणारी पोरं फलाटावर बसून पुरवण्या घालायची आणि मधेच येऊन एका चहात दोघं प्यायची. ताजा पेपर सगळ्यात आधी कँटीनवाल्याला फुकट मिळायचा, हा अलिखित करार.

गल्ल्यावर बसणारे एक काका होते. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. कंट्रोलरच्या खिडकीवर झोपेतली उत्तरं मिळायची, पण काकांना प्रत्येक गाडीची खबर असायची. "चिपळूण अजून न्हाई आली. घाटात धुकं असंल, बसा निवांत." पेशंटबरोबरचं कुणी थर्मास घेऊन आलं तर आतून गरम पाणी भरून द्यायचे आणि पैशाला हात वर करायचे. एकटी बाई, एकटी मुलगी आली की तिला गल्ल्याजवळचं टेबल. ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. कुणी दारू पिऊन आत आला तर काका नुसते उभे राहायचे, एवढ्यावर तो बाहेर जायचा. अण्णा आले की काका म्हणायचे, "पोरगी कधीची आलीया, च्या पाजलाय तिला." आणि अण्णांनी पैसे पुढे केले की त्यांनाही अर्धा चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत.

हे फक्त कराडचं नव्हतं. साताऱ्याला होतं, कोल्हापूरला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवर होतं, पुण्याला होतं, नाशिकला होतं. मालक वेगवेगळे, ठेकेदार वेगवेगळे, पण दरपत्रक तेच, वड्याची चव जवळपास तीच आणि रात्री उघडं असण्याची खात्री तीच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली. तिच्या मागोमाग गावोगाव आगारं झाली, स्टँड झाले, आणि स्टँड म्हटला की कँटीन आलंच. घोडनदीच्या पलीकडचा माणूस असो की सावंतवाडीचा, अनोळखी गावात रात्री उतरल्यावर कुठे जायचं हे त्याला विचारावं लागत नसे. गावाला चेहरा नसेल तेव्हाही स्टँडला होता.

मग ही कँटीनं गेली कशी? एका दिवसात कुणी कुलूप ठोकलं नाही. पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला, गावाबाहेरून निघाला. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या गावात शिरेनाशा झाल्या. खासगी ट्रॅव्हल्स आल्या. त्यांचा स्टँडशी संबंधच नाही, त्या प्रवाशाला नाक्यावर, पुलाखाली, अंधारात उतरवतात. रातराणीचं, म्हणजे रात्रभर धावणाऱ्या एसटीचं गिऱ्हाईक तिकडे गेलं आणि रात्रीचा गल्ला आटला. ज्या एसटी रात्री धावत राहिल्या त्यांचे थांबे हायवेवरच्या खासगी हॉटेलांवर ठरले. गाडी थांबवायच्या बदल्यात हॉटेल महामंडळाला पैसे देतं, ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण मिळतं. महामंडळाच्या हिशोबाने सोयीचं. प्रवाशाचं काय? तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यावा अशी योजना २०१६ मध्ये आणावी लागली, आणि २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांना या थांब्यांची पाहणी करून निकृष्ट ठिकाणं रद्द करा असं सांगावं लागलं, यातच सगळं आलं. रात्री दोनला आडरानात गाडी थांबली की प्रवाशाला दुसरा पर्याय नसतो. दर काय, तेल कसलं, बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह आहे का, हे विचारायचं कुणाला?

आणि दुसरं म्हणजे कँटीनचा ठेका. जो जास्त भाडं देईल त्याला जागा, हे तत्त्व लावलं की रात्री दोन माणसं कामाला ठेवून, गॅस जाळून, पन्नास चहा विकणं कुणाला परवडेल? ठेकेदार दहाला शटर ओढणारच. त्याला मी दोष देत नाही. मग कोविड आला. मार्च २०२० पासून गाड्याच बंद. त्यातून जरा उठतोय तोवर ऑक्टोबर २०२१ च्या शेवटाला संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, असं माझं आजही मत आहे. पण त्या काळात स्टँडवर जगणाऱ्या छोट्या धंद्यांचं काय झालं ते कुणी मोजलं नाही. काही ठिकाणी शटर वर गेलं ते फक्त पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं विकायला.

आता दुसरी बाजू बघा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. गर्दी परत आली. आणि आली ती कुणाची? म्हाताऱ्या माणसांची आणि बायकांची. म्हणजे ज्यांना रात्री-अपरात्री उजेडात बसायला जागा, गरम काहीतरी पोटात आणि ओळखीचा एक माणूस लागतो, नेमके तेच आज एसटीने जास्त फिरतात. तिकीट अर्धं केलं ते फार चांगलं केलं. पण पहाटे तीनला उतरलेल्या बाईने उजाडेपर्यंत बसायचं कुठे, हा प्रश्न त्या तिकिटाच्याच पोटातला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला पहाटे एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर सुरक्षारक्षक, कॅमेरे, ऑडिट सगळ्याची चर्चा झाली. कँटीन असतं तर तो टळला असता, असं मी म्हणणार नाही, ते म्हणणं उथळ होईल. पण कॅमेरा बघतो, विचारत नाही. "कुठं जायचंय बाई, कोण न्यायला येणार हाय का?" हे विचारणारं माणूस लागतं, आणि पगार देऊन फलाटावर उभा केलेला रक्षक ते काम करेलच असं नाही. रात्रभर चहा विकणारा करतो, कारण तो गिऱ्हाइकाशी बोलतोच.

नव्या बसपोर्टचे आराखडे निघतायत. त्यात वर दुकानं, कार्यालयं, पार्किंग असतं. बसपोर्टला माझा विरोध नाही, जुने गळके स्टँड पाडायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच की तळमजल्यावर, फलाटाला लागून, कँटीनची जागा आधी आखा आणि मग बाकीचं. रात्री दहा ते सकाळी सहाच्या वेळेचं भाडं घेऊ नका. वीज महामंडळाने द्यावी. चालवायला बचतगटांना द्या. ज्या बायका जत्रेत, प्रदर्शनात हजार माणसांचं पिठलं-भाकरी करतात त्यांना स्टँडचं कँटीन जड नाही, फक्त रात्रपाळीला पुरेशी माणसं आणि घरी सोडायची सोय हवी. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत. ती दुपारची. रात्रीच्या प्रवाशाला थाळी नको, पण चहा आणि गरम पोहे मंजूर दरात मिळावेत एवढं अनुदान राज्याला जड नाही. जिल्ह्याला एक स्टँड घेऊन सुरुवात करा.

काहीजण म्हणतील, आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, गाडी कुठे आहे ते दिसतं, घरचे वेळेवर न्यायला येतात. येतात, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचे. वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या माणसाला पहाटेच्या पहिल्या एसटीशिवाय आजही काही नाही. तो रात्रभर स्टँडवरच असतो, बाकड्यावर पिशवी उशाला घेऊन, आणि मोबाइलला रेंज असली तरी त्याच्या पोटाला चहा लागतोच.

कमेंटमध्ये एवढं लिहा: तुमच्या गावच्या स्टँडवर आज रात्री बारानंतर काय उघडं असतं, आणि पूर्वी काय असायचं. स्टँडचं नाव आणि वेळ, बस्स. ज्यांना शक्य आहे त्यांनी फोटो टाका. सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची यादी मी स्वतः करून विभाग नियंत्रकांना लेखी देणार आहे. बाकीच्या जिल्ह्यांसाठी कुणी पुढे येत असेल तर अर्जाचा मसुदा मी पाठवते.