पाव किलोला एक ग्रॅम कमी

"सापडलं का?"

भाऊबिजेपासून संक्रांतीपर्यंत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या तोंडाशी भडंगाची पुडी फोडून उभा होतो, तर किटल्या लावलेला एक दूधवाला मोटारसायकल हळू करून विचारून गेला. उत्तराला थांबलासुद्धा नाही. मी त्याला ओळखत नव्हतो. तो मला ओळखत होता, कारण कसबे डिग्रज आणि आसपासच्या चार गावांत माझी ओळख आता 'ड्रोन उसात घालवलेलं जावई' अशी आहे. सासूबाई मात्र त्याला ड्रोन म्हणत नाहीत. पहिल्या दिवसापासून 'द्रोण' म्हणतात. पत्रावळीच्या शेजारचा.

ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन 'नॅनो' धरतात आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. बाहेरच्या बऱ्याच देशांतही याच वजनाची रेघ आहे, त्यामुळे बनवणारे काटा बरोबर २४९ वर आणून ठेवतात. मारुती रोडवर कुणी पाव किलोला एक ग्रॅम कमी दिलं तर गिऱ्हाईक भांडायला उभं राहील. इथं गिऱ्हाईक त्या कमी ग्रॅमचे जास्त पैसे मोजतं. परवाना लागत नाही म्हणजे अक्कलही लागत नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता काढला होता.

पैशाचंही सांगून टाकतो. बायकोला मी अठरा हजार सांगितले होते. सासऱ्यांना आठ. मेहुण्याला खरा आकडा माहीत होता, कारण त्यातले वीस हजार त्याचे होते.

तर भाऊबीज. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मी पेटी घेऊन सासऱ्यांच्या गच्चीवर गेलो. माझ्यामागोमाग घर वर आलं, मग गल्ली आली. गच्चीच्या चारी कोपऱ्यांना सळ्या आहेत. सासऱ्यांनी १९९८ साली वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या. मजला पोराच्या लग्नाआधी व्हायचा होता. मेहुण्याला आता दोन पोरं आहेत, सळ्या तशाच आहेत, आणि सासूबाई त्यांना कुरडयांचं कापड बांधतात. सावलीला बरं म्हणून मी ड्रोन बरोबर एका कोपऱ्यात, सळ्यांच्या जुडग्याला खेटून ठेवलं.

चालू केल्याबरोबर मोबाइलवर लाल पट्टी आली : कंपास कॅलिब्रेट करा. ते कसं करतात ते मला माहीत होतं. ड्रोन दोन्ही हातांत आडवं धरायचं आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, मग उभं धरून आणखी एक. आता तुम्हीच सांगा, सासुरवाडीच्या गच्चीवर, पन्नास माणसांसमोर, सदरा-लेंगा घातलेल्या जावयानं हातात यंत्र धरून गिरक्या घ्यायच्या? सासूबाईंना वाटलं असतं मी कुणाची तरी दृष्ट काढतोय. मी पट्टी बोटानं बाजूला सारली. मग दुसरी पट्टी आली, की उपग्रह अजून पुरेसे सापडले नाहीत. एवढ्यात मेहुण्याचं धाकटं पोर म्हणालं, "मामा, उडत न्हाई व्हय?"

उडवलं.

सुरुवातीला झकास. आठ-दहा फुटांवर ते खिळा मारल्यासारखं थांबलं. अशा ड्रोनच्या पोटाशी छोटा कॅमेरा असतो, तो खालची जमीन बघून जागा धरून ठेवतो. पण उंच गेलं की त्या कॅमेऱ्याला खालचं नीट कळत नाही. उपग्रह सापडलेले नसले तर मग ते वाऱ्याचं. खाली उंबऱ्यावरची पणती हलत नव्हती, वर वारा होता. ड्रोन तोंड आमच्याकडे ठेवून मागं मागं सरकू लागलं, लग्नाच्या मांडवातून पाहुणा हात जोडत काढता पाय घेतो तसं. सासूबाई काहीतरी बोलत माझी बाही ओढत होत्या. मी म्हणालो, "मामी, थांबेल ते आपोआप."

आणि थांबलं की हो! नदीकडच्या उसावर जाऊन थांबलं. मोबाइलमधली बाई इंग्रजीत म्हणाली की होम पॉइंट अपडेट झाला. मला त्या आवाजानं इतका धीर आला की मी तिचे आभार मानले. पुढं दहा मिनिटं मी कृष्णा दाखवली, काठ दाखवला, पाण्याजवळ पडलेलं एक लांबडं काहीतरी दाखवलं. ते मगर की ओंडका यावरून गच्चीवर दोन तट पडले. या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे ओंडका म्हणणाऱ्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

एवढ्यात शेजारचे एक जण जिना चढून आले आणि थेट सासऱ्यांना म्हणाले, "मोजणी कुणी चालू केली?" हल्ली शेतावर ड्रोन दिसलं की लोकांना जमीन घेणारा महामार्ग दिसतो. सासऱ्यांनी त्यांना फराळाचं ताट दिलं. चकली खाताना त्यांचं लक्ष शेवटपर्यंत आभाळाकडे होतं.

मग मी ते वाक्य बोललो. "आता बघा हं. हे एक बटण दाबलं की घरी परत."

दाबलं. ड्रोन नदीवरनं वळलं, ऐटीत आमच्याकडे यायला लागलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उसाच्या मधोमध आल्यावर ते थांबलं. आणि सावकाश खाली उतरायला लागलं. मी रिमोटच्या काड्या दाबल्या, पण तोंड आपल्याकडे असलं की ड्रोनचं डावं-उजवं उलटं होतं, हे अशा वेळी आठवत नाही. पुढं घ्यायचं ते मागं गेलं, वर घ्यायचं राहूनच गेलं. स्क्रीनवर आधी हिरवं, मग गडद हिरवं, मग काहीच नाही.

गच्चीवर शांतता. सासरे म्हणाले, "पाव्हणं, घरी येतंय म्हनला हुता न्हवं?"

त्या शेताचं थोडं सांगायला पाहिजे. ते सासऱ्यांच्या चुलत भावाचं. ऊस आडसाली, ८६०३२ जातीचा, सोळा महिन्यांचा, बारा फूट वाढून वाऱ्यानं लोळलेला. लोळलेला ऊस म्हणजे आत वाट नाही, प्रकाश नाही, दिशा नाही. पानाला धार, पायात पाचट. त्यातून बांधावरून दोघा भावांचं सतरा वर्षं बोलणं नाही. तरी मी आणि मेहुणा बॅटऱ्या घेऊन गेलो. मोबाइलमध्ये 'ड्रोन शोधा' म्हणून सोय असते, दाबलं की ड्रोन टुक टुक वाजतं. आतून आवाज यायचा. मेहुणा म्हणाला रातकिडा, मी म्हणालो ड्रोन. दोन सऱ्या आत गेलो तर तो रातकिडाच निघाला. दुसऱ्यांदा ड्रोन वाजलं, पण तोवर कुणीतरी बांधावरून ओरडलं, "बिबट्या हाय रं उसात!" आम्ही ज्या वेगानं बाहेर आलो तो वेग ड्रोनलाही झेपला नसता. ओरडणारे चुलतसासरे होते. "तोडीला सापडंल की," ते म्हणाले. "ऊस मोडायचा न्हाई." मग कित्येक वर्षांनी सासऱ्यांच्या घराकडं बघून पुढं म्हणाले, "आन् त्येला सांगा, त्येचं जावई माझ्या रानात मोजणी करतंय."

दुसऱ्या दिवशी बचत गटातली एक वहिनी आली. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारनं १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची योजना काढली, त्यातलं एक तिच्या गटाकडं आहे. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेतलेली बाई. तिचं यंत्र दहा लिटर औषध घेऊन उडतं आणि संध्याकाळी शेडमध्ये परत येतं. तिनं गच्चीभर नजर फिरवली, सळीवर बोटानं टिचकी मारली.

"दाजी, हितनं उडवलं?"

"हो."

"कंपास फिरवला?"

"माणसं होती."

"उपग्रह?"

मी गप्प. मग तिनं शांतपणे समजावलं. लोखंडाजवळ ठेवलं की कंपासला दिशा धड कळत नाही. आणि उपग्रह न धरता उडवलं की ते पुरेसे सापडतात तेव्हा ड्रोन जिथं असेल, ती जागा ते घर म्हणून लिहून घेतं. "तुमचं ड्रोन पळालं न्हाई दाजी. घरीच गेलंया."

म्हणजे सासुरवाडीत येऊन उसात घर मांडलं. सासऱ्यांनी मान हलवली. "घरजावई झालं म्हना."

पुढचे दोन-अडीच महिने माझं ड्रोन चिटबॉयच्या हातात होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कुणाचा ऊस कधी तुटायचा, हे कारखान्याच्या वतीनं शेतात येऊन ठरवतो तो चिटबॉय. लागणीच्या नोंदीवरून पाळी लागते असं म्हणतात. चुलतसासऱ्यांची नोंद उशिरा झालेली. त्यात दर जाहीर झाल्याशिवाय कोयता लावू द्यायचा नाही म्हणून आंदोलन. जन्मात पहिल्यांदा मी सकाळी उठून उसाच्या पहिल्या उचलीची बातमी वाचू लागलो. ऑफिसात लोकांना वाटलं मी शेत घेतलं. चिटबॉयला दोनदा चहा पाजला, एकदा मिसळ. तो म्हणाला, "टोळी आली की बघू," आणि माझी मिसळ संपवून त्याच बाकावर चुलतसासऱ्यांशी हसत बसला.

ऊसतोड टोळीच्या मुकादमानं पहिल्या भेटीतच विचारलं, "सापडलं तर बाईमान्साला काय देनार? चीज केवढ्याची हाय?" शेजारी बायको. तिच्या शेजारी सासरे. मी अठरा म्हणावं की आठ? मेहुणा चपलेकडं बघत होता. मी म्हणालो, "पाचशे देतो." मुकादम म्हणाला, "म्हंजे दोन-तीन हजाराचं असंल." मी हो म्हणालो. त्या क्षणी माझं ड्रोन सगळ्यात स्वस्त झालं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सापडलं. मोळ्या बांधणाऱ्या बाईला वाढ्यांत, म्हणजे उसाच्या शेंड्यांत, काहीतरी टोचलं. आणखी थोड्या वेळात ते वाढ्यांच्या भाऱ्यातून कुणाच्या तरी म्हशीसमोर गेलं असतं. एक पाय मोडलेला, पंख्यात पाचट, बाकी जसंच्या तसं, लोळलेल्या उसावर अलगद निजल्यासारखं. त्या बाईला मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या. बायकोनं दोन्ही मोजल्या आणि माझ्याकडं पाहिलं. काही बोलली नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

संध्याकाळी कार्ड टीव्हीला जोडलं. चुलतसासरेही आले होते, सतरा वर्षांनी, मगर बघायला म्हणून. सुरुवातीला गच्ची दिसली : सळ्या, कुरडयांचं कापड, मोबाइलमध्ये डोकं खुपसलेला मी, तोंडं वर केलेली सगळी गल्ली. गच्ची लहान लहान होत गेली. आणि त्या सगळ्यांत एकट्या सासूबाई, एका हातानं माझी बाही ओढत, दुसरा हात सळ्यांकडं, मग उसाकडं, मग पुन्हा सळ्यांकडं, तोंड अखंड चालू.

"मागं घ्या जरा," सासरे म्हणाले. "ही काय म्हनत हुती बघू. आवाज वाढवा."

"ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो, मामा."

स्वयंपाकघरातनं सासूबाई तिळाचे हात पुसत बाहेर आल्या आणि टीव्हीसमोर पाट ओढून बसल्या.

"त्येला कशाला पायजे आवाज? मी हाय की."