घुबडाला मिरच्यांचा धूर देण्याआधी

आमच्या आत्तीच्या मोबाईलवर एक मेसेज आलाय. घुबड घरावर बसलं की सहा महिन्यांत मयत, मिरच्यांचा धूर देऊन हाकला. दगड मारू नका, घुबड तो दगड झिजवतं तसा मारणारा माणूस झिजतो. टिटवी ओरडली तरी मरण. आणि शेवटी, घुबडाचं नख दिवाळीत तिजोरीत ठेवा, लक्ष्मी येते! कागलजवळ तिच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिलं आहेत. “वंगाळ असतंय ते,” म्हणत तिने मिरच्या काढून ठेवल्यात.

आधी नखाचं बोलू, कारण त्यापायी पक्ष्यांचे जीव जातात. जे घरावर बसलं तर माणूस मरतो, त्याचंच नख तिजोरीत? आणि घुबड लक्ष्मीचं वाहन म्हणतात, मग त्या वाहनाचे पाय तोडणाऱ्यावर ती प्रसन्न होईल? आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या, म्हणजे महालक्ष्मीच्या मूर्तीमागे तर सिंह आहे. मग हे नखाचं खूळ कुणी आणलं? वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक इंडिया’ संस्थेचा 2010 चा अहवाल सांगतो, देशातल्या 30 जातींच्या घुबडांपैकी 15 जाती चोरट्या बाजारात सापडल्या. मागणी जादूटोण्याची आणि बळीची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. असले मेसेज पुढे ढकलणारा त्याच बाजाराला गिऱ्हाईक मिळवून देतो.

मयताचं म्हणाल तर आजारी माणसाच्या घराजवळ पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, दिसतो, हे खरं असू शकतं. रात्रभर दिवा चालू असतो, दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पिंगळा. आजारपण त्याच्या आधीच आलेलं असतं.

दगडाची गोष्ट निव्वळ थाप. तिच्या भीतीने पोरांचे दगड थांबले असतील, तेवढं मान्य. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, कुत्रं जवळून गेलं तरी ती ओरडणारच.

माळ्याखाली काळपट गोळ्या पडतात. मी एक फोडली. आत राखाडी केसांत उंदराची कवटी, पिवळे दात जागच्या जागी. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस ओकून टाकतं. भोवती उसाचे फड, घरात भाताची पोती. हे उंदीर आत्तीला हवे होते का? रात्रीचा तो फुस्स आवाज भुताचा नाही, भुकेल्या पिलांचा आहे.

पिलं साधारण दोन महिन्यांत उडतात. आत्ती, तोवर माळ्याची खिडकी उघडी ठेव. जखमी घुबड दिसलं किंवा कुणी नखं विकताना आढळलं, तर वनखात्याला 1926 वर फोन कर.