गच्चीवरच्या तीन सुना

कुंडीत अननस लावणं मुळीच अवघड नाही. फळावरचा शेंडा पिळून काढायचा, बुडाची पानं सोलायची, आत मुळांचे बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले की थांबायचं, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मातीत खोचायचा. ऊन भरपूर, पाणी बेताचं. झाड तर इतकं सोशिक की दिवसाच्या उन्हात पानांची छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्याला उघडून हवा आत घेतं, कारण काय, तर पाणी उडून जायला नको. वर कसलीही तक्रार नाही.

अवघड आहे ते पुढचं. शेंड्यापासून लावलेला अननस फळायला दीड-दोन वर्षं घेतो, आणि ही दोन वर्षं तुम्हाला माणसांत काढायची असतात. त्यातून इंदूरच्या मराठी माणसांत. सकाळच्या पोह्यांवर शेव पडायच्या आत ज्यांना शेजारची बातमी लागते, त्यांना दोन वर्षं थांब म्हणून सांगणार कोण?

"काय गं, अननस आला का?"

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला, आणि का वाटला ते लगेच लक्षात आलं. लग्न होऊन वर्ष उलटल्यावर मला ज्या सुरात "मग? काही गोड बातमी?" विचारायचे, तोच सूर. तीच मान किंचित कललेली, तेच "नाही अजून" म्हटल्यावरचं "असू दे, असू दे, होईल". फरक एवढाच की त्या वेळी प्रश्न एका सुनेपुरता होता. गच्चीवर मी तीन आणून ठेवल्या आहेत.

थोरली मॉरिशस. राजवाड्याजवळच्या गाडीवरून आलेली. गाडीवाला "भाभीजी, केरल का माल है, शक्कर है शक्कर" म्हणत शेंडे पिळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होता. आमच्या गावात कचऱ्याला शिस्त फार, वाट्टेल ते वाट्टेल त्या डब्यात जात नाही. मी म्हटलं, शेंडा मला द्या. "क्या करोगे भाभीजी?" "लगाऊँगी." त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि आणखी दोन शेंडे फुकट दिले. लोकांचं दुःख त्याला बघवत नसावं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वाळकुळमकडे हीच जात पिकते. 2009 साली तिथल्या अननसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडच्या हापूसला पुढे मिळालं तसंच. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मानांकन असू दे, फळ कधी?"

मधली क्यू. माझे दीर रेल्वेत, सिलिगुडीकडे बदली झालेली, तिथून येताना त्यांनी सबंध अननस आणला. ही थोराड, अंगानं भरलेली. फळही मोठं, दोन-तीन किलोंपर्यंत जाणारं, गर फिकट पिवळा आणि रसाळ. डब्यात बंद होऊन येतात त्या चकत्या बहुतेक हिच्याच जातकुळीतल्या.

धाकटी क्वीन, त्रिपुराची. गल्लीतला एक मुलगा फौजेत आहे, तो सुट्टीवर येताना आगरतळ्याहून घेऊन आला. फळ लहान, किलोच्या आगेमागे, पण गर सोन्यासारखा आणि वास असा की पिशवी जिन्यात असतानाच वरच्या मजल्यावर कळलं. त्रिपुराने तिला राज्याचं फळ म्हणून मान दिला आहे. पण घरात मान मिळणं ही वेगळी गोष्ट. क्वीनच्या पानांच्या दोन्ही कडांना करवतीचे दाते असतात. क्यूची पानं मात्र गुळगुळीत, काटे असले तर टोकापाशी चारदोन. गच्चीवर कपडे वाळत घालताना सासूबाईंच्या सुती पातळाला धाकटीने पहिल्याच आठवड्यात हात घातला आणि निकाल तिथेच लागला.

"घरात काटेरी झाड नको असं शास्त्रात आहे."

"आई, गुलाब आहे की आपल्याकडे."

"गुलाब फुलतो."

यावर मी काय बोलणार? त्या दिवसापासून क्यू सालस, मॉरिशस ठीकठाक आणि क्वीन, "नाव बघा ठेवलंय. राणी!" मॉरिशससुद्धा क्वीनच्याच कुळातली आणि काटेरीच आहे, हे मी घरात कुणाला बोलले नाही. एखादीचं माहेर झाकलेलं बरं असतं.

मातीवरूनही झालं. आमची माळव्याची माती म्हणजे "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर". गव्हाला आणि सोयाबीनला ती सोनं. पण ती काळी माती पाणी धरून बसते, आणि अननसाच्या मुळांना पाण्यात उभं राहणं सोसत नाही, गाभाच कुजतो. म्हणून मी माती थोडी घेऊन तिच्यात वाळू, नारळाचा भुसा आणि शेणखत मिसळलं. सासऱ्यांची शेती देवासकडे होती. ते खुर्चीतून बघत होते. "काळ्या आईत वाळू?" एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. पुढे महिनाभर चहात साखर कमी पडली तरी ते "वाळू घाल थोडी" म्हणायचे.

ऋतू आपापल्या परीने आले. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हिरवी जाळी बांधली, नाहीतर पानं पिवळी पडून भाजतात. रंगपंचमीला कुणाच्या तरी पिचकारीतून उडालेला गुलाबी रंग थेट मॉरिशसच्या गाभ्यात जाऊन बसला, कारण या झाडाची पानं मुळी अशी जुळलेली असतात की पडेल ते मधोमध गोळा व्हावं. तो धुऊन काढायला दुपार गेली. पिठ्या ढेकणांचं तर विचारू नका. त्यांना मुंग्या सांभाळतात, त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोडव्यासाठी. म्हणजे झाडावर ढेकूण दिसले की आधी मुंग्यांची फौज हटवायची. मी कापसाला स्पिरिट लावून एकेक पान पुसत बसायचे. समोरच्या काकू कठड्याला टेकून विचारायच्या, "मालिश करतेस वाटतं? आला का?"

हिवाळ्यात रात्रीचा पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो, आणि अननसाला तो मानवत नाही. मी जुन्या चादरी काढल्या. वर गेले तर क्यूच्या अंगावर आधीच सासूबाईंची लोकरीची शाल. मॉरिशसला माझी चादर. क्वीनला काही नाही. मी तिला नवऱ्याचा मफलर गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला जाताना मफलर शोधत घरभर फिरत होता. गल्लीत बातमी गेली की या घरात झाडांना कपडे घालतात.

त्यानंतर उपाय सुरू झाले. ज्या घरात गोड बातमी येत नाही तिथे उपाय कोण सांगत नाही?

एक आत्या म्हणाल्या, सफरचंद ठेव. मला हसू आलं, पण या उपायात खरंच तथ्य आहे. पिकत्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि अननसाला फुलोऱ्याची आज्ञा तोच देतो. झाडाबरोबर सफरचंद घालून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, काही दिवस तसंच ठेवायचं. अननसाचे शेतकरी हेच काम इथेफॉन नावाच्या, इथिलीन सोडणाऱ्या औषधाचं पाणी गाभ्यात ओतून करतात, म्हणजे सगळ्या शेताला एकदम फुलं. पण झाड त्याआधी भरलेलं लागतं, 35-40 पानांचं. हे कळल्यापासून सासूबाई रोज क्यूची पानं मोजायच्या. रोज वेगळा आकडा यायचा आणि दोष क्यूचा नसायचा, चष्म्याचा असायचा.

दुसरा उपाय धुराचा. हाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण धुरातही इथिलीन असतं. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर काचघरात अननस लावलेले असताना आत धूर कोंडला आणि झाडं फुलली, तेव्हापासून लोक मुद्दाम धूर करायला लागले. मी हे जेवताना सांगितलं. संध्याकाळी तिन्हीसांजेचा दिवा झाल्यावर सासूबाई धुपाटणं घेऊन जिना चढताना दिसल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या डॉक्टरकडे रिक्षाशिवाय जात नाहीत, त्या. क्यूपाशी धुपाटणं चांगलं पाच मिनिटं धरलं, मॉरिशसपाशी ओझरतं फिरवलं. क्वीनपाशी येईपर्यंत धूप संपला होता.

आणि मग नवरा. तो दिलासा द्यायला इतिहास काढतो. म्हणाला, अकबराच्या दरबारातही अननस होता. अबुल फजलने लिहून ठेवलंय की याची रोपं भांड्यात लावून प्रवासात नेता येतात आणि तिथे ती फळतात. एका अननसाला चार दाम पडायचे, आणि तेवढ्या पैशात चांगले दहा आंबे यायचे. जहांगीरने तर आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी अननस पिकवले. "बघ, बादशहाच्या तोलामोलाचं काम करते आहेस तू."

म्हटलं, असेल. पण अकबराला सकाळी दूधवाला विचारायचा का, "हुजूर, अननस आया क्या?"

याच सुमारास क्वीनच्या गाभ्यात लाल दिसलं. धूप नाही, शाल नाही, सफरचंदही मॉरिशसच्या पिशवीत. अननसाला आखूड दिवस आणि गार रात्री यांनीही फुलोरा येतो, आणि सगळ्यात जास्त गारठा कुणी खाल्ला होता ते सांगायला नको. मफलर नवऱ्याने केव्हाच परत नेला होता.

मी सासूबाईंना वर बोलावलं. त्या वाकल्या, चष्मा सारखा केला, पुन्हा वाकल्या. काही बोलल्या नाहीत. खाली जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि क्वीनची दृष्ट काढली. ओवाळताना पदर पुन्हा काट्यात अडकला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि म्हणाल्या, "तिखट असतात काही जणी. पण कर्त्या असतात."

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. लाल कणसातून जांभळी-निळी फुलं खालून वर उमलत जातात, एकेक फूल एका दिवसाचं, आणि त्या शंभरावर फुलांची फळं एकमेकांत मिसळून एक अननस होतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे डोळ्यांच्या रांगा मोजल्याशिवाय राहवेना. एका दिशेला आठ, दुसरीकडे तेरा. हे मी समोरच्या काकूंना कौतुकाने दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण खायचा कधी?"

फुलोऱ्यापासून पाचेक महिने. तेवढे दिवस खारींपासून, उंदरांपासून आणि सल्ल्यांपासून फळ राखायचं होतं. खारींसाठी जाळी मिळते. "आता काढ आणि तांदळाच्या डब्यात घाल, पिकेल," हे मी गल्लीतल्या प्रत्येक घरातून ऐकलं. नाही पिकत. आंब्याचं गणित वेगळं, त्याच्या गरात पिष्ट साठवलेलं असतं आणि काढल्यावर त्याची साखर होते. अननसात तसला साठा नसतो, जी गोडी यायची ती झाडावरच. काढल्यावर रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं की वर्गात पायथागोरस सांगताना एकदा तोंडातून तांदळाचा डबा निघून गेला.

पावसाळा लागल्यावर बुडापासून पिवळा चढला, आणि एका सकाळी वास खालच्या मजल्यावर पोचला. वजन भरलं किलोला थोडं कमी. खाणारी तोंडं सबंध गल्ली. नवऱ्याची फर्माईश शिकरणाची. त्याला सांगितलं की ताज्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि घटकाभरात शिकरण कडू होतं. शिजवलं की ब्रोमेलिन मरतं. म्हणून निम्मा अननस कच्चा, नखाएवढ्या फोडी करून, आणि निम्म्याचा शिरा. शिऱ्यात रवा जास्त होता हे कुणी बोललं नाही. फौजेतल्या मुलाच्या आईला दोन चमचे जास्त वाढला. सासऱ्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "वाळूत आलाय म्हणायचा हा."

समोरच्या काकूंनी चमचा ठेवला, पदराने तोंड टिपलं आणि मान किंचित कलती केली.

"छान झाला हो. आता पुढचा कधी?"

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते की एकदा फळलेलं झाड पुन्हा फळत नाही, त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात आणि पुढचं फळ ती देतात, आणि मॉरिशस, क्यू अजून... पण सासूबाई उठल्या होत्या. गच्चीवर गेल्या, खाली आल्या तेव्हा एका हातात क्वीनचं जोमदार पिल्लू होतं, बुडाशी नीट कापलेलं, आणि दुसऱ्या हातात रिकामी कुंडी.

"हे तुमच्या घरी न्या," त्या काकूंना म्हणाल्या. "शेंड्यापेक्षा पिल्लू लवकर येतं. पाणी बेतानं घाला. आणि पदर सांभाळा."

कुंडी आता समोरच्या कठड्यावर आहे. दूधवाला आधी तिकडे थांबतो. क्यूचं अजून काही नाही, "मोठं फळ यायचं म्हणजे वेळ लागणारच," असं घरातलं अधिकृत मत आहे. सासूबाई दिवसातून दोनदा गच्चीवर जातात. सकाळी कपडे वाळत घालायला आणि संध्याकाळी, काकू बाहेर आल्या की, विचारायला.