खुलासा : लोसार्टनने महाधमनीचा फुगवटा जिरत नाही

‘रक्तदाबाची लोसार्टन गोळी सुरू केली की महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगवटा जिरतो, ऑपरेशन टळतं’ असा मजकूर मार्फान सिंड्रोम या जनुकीय आजाराच्या रुग्णांच्या घरी फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

त्याचं मूळ खऱ्या संशोधनात आहे, म्हणूनच तो पटतो. मार्फानमध्ये एफबीएन१ या जनुकात दोष असतो आणि महाधमनीची भिंत कमकुवत होते. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या हॅल डिट्झ यांच्या गटाने लोसार्टनने हा फुगवटा रोखता येतो असं दाखवलं, पण उंदरांमध्ये. माणसांचं काय? ६०८ मुलं आणि तरुणांवर ३ वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. लोसार्टन आणि जुनं अटेनोलॉल (हे बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं औषध) यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा लोसार्टनच्या गटातली औषधं महाधमनीच्या मुळाची, म्हणजे हृदयाजवळच्या सुरुवातीच्या भागाची, वाढ मंदावतात असं आढळलं, आधीपासून बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्येही. म्हणजे औषध उपयोगी आहे, पण वाढीचा वेग कमी करण्यापुरतं.

मार्फानमध्ये महाधमनीचं मूळ साधारण ५ सेंटीमीटर रुंद झालं की शस्त्रक्रिया सुचवतात. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल तर त्याआधीही. हा मजकूर वाचून तारीख पुढे ढकलणं जिवावर बेतू शकतं. बीटा ब्लॉकर स्वतःहून अचानक बंद करू नका. आणि गरोदरपणात लोसार्टन बाळाला घातक ठरतं, हे त्या मजकुरात कुठेच नाही.