‘समुपदेशन हे पाश्चात्यांचं खूळ’ म्हणणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

नागपुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. वर ‘समुपदेशन : पाश्चात्यांचं खूळ’, खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात. डिप्रेशन हा परदेशी आजार. आपल्याकडे कुटुंब आहे, परक्याला घरातलं सांगू नये. मनाचं काम मोठ्या डॉक्टरचं, आशाताईचं नव्हे. आत्महत्येचा विषय काढला की तो विचार डोक्यात शिरतो. आणि बाहेर तयार झालेले कार्यक्रम आपल्या संस्कृतीत बसत नाहीत. एरवी मी असल्या पोस्टी न वाचताच पुसते. पण ही माझ्या आत्याला तिच्याच मुलानं पाठवली, आणि दर आठवड्याला दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे जाणारी आत्या परवा म्हणाली, “आता नाही जाऊन राहिली मी तिकडे. घरातलं बाहेर कायले सांगायचं?”

म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

घरच्यांशी बोलावं, याला कोण नाही म्हणतंय? पण त्रासाचं मूळच घरात असेल तर? सुनेनं सासूचं गाऱ्हाणं सासूपुढेच मांडायचं का? कर्जाचा खरा आकडा बायकोपासून लपवणाऱ्यानं तो बायकोलाच सांगायचा? आत्याचंच बघा. यजमान गेल्यापासून तिला रात्री झोप नाही. तिनं विषय काढला की मुलगा म्हणतो, “आई, जुनं उगाळू नको,” सून उठून चहा टाकते, आणि बोलणं तिथेच संपतं. दोघंही वाईट नाहीत. त्यांना ते ऐकवत नाही, एवढंच. दवाखान्यातल्या ताई ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, “या आठवड्यात कोणतं एक काम कराल?” आत्यानं शेजारणीला घेऊन गच्चीवर पुन्हा कुरडया घालायला घेतल्या होत्या.

पोस्टवाल्यांना ‘विदेशी’ वाटणारी पद्धत ती हीच. उदास माणूस हळूहळू एकेक काम सोडतो, आणि कामं सुटली की आणखी उदास होतो. म्हणून त्याच्या आवडीची, झेपतील अशी लहान कामं ठरवून परत सुरू करायची. गोव्यात हीच पद्धत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत वापरली आणि ती उपयोगी ठरली. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलंय. कल्पना कुठलीही असो, कुरडया तर नागपूरच्याच ना?

आता पाचवा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत बाहेरून आलेल्या कित्येक पथकांना ना तिथली भाषा येत होती, ना शोक करायची रीत माहीत होती. संकटातून नुकत्याच वाचलेल्या माणसाकडून एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धतही पुढे निरुपयोगी, क्वचित अपायकारक ठरली. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तर स्पष्ट सांगते की कुणालाही आपबीती सांगायला भाग पाडू नका. पण यावरून ‘नकोच ते’ कसं निघतं? निघतं ते एवढंच, की गाभा ठेवून बाकीचं इथल्या माणसांप्रमाणे बदला. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत बाळंतिणींच्या नैराश्यावर काम झालं, तेव्हा आरोग्यसेविकांनी ‘तुझं मन आजारी आहे’ असं म्हटलंच नाही. आई आणि बाळ दोघांची तब्येत सुधारूया म्हणाल्या, लिखाणाऐवजी चित्रं वापरली, घरच्यांनाही सोबत घेतलं. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के बायांना नैराश्य होतं, ही पद्धत न वापरलेल्या गटात ५३ टक्के.

आणि पाकिस्तान तरी कशाला? आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते बैठका घ्यायचे, अडचणीतल्या माणसाला आधार द्यायचे; त्यांच्यावर समुपदेशक, आणि गंभीर रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय ‘विश्राम’चंच असं मी म्हणणार नाही. पण ‘विदर्भात चालत नाही’ हे म्हणायला आता जागा उरत नाही. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. मोठे डॉक्टर हवेतच, पण देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. आशाताई नको म्हणणाऱ्यांनी मेळघाटातल्या बाईनं कुणाकडे जायचं तेही सांगावं. आणि नागपुरात तरी काय? मनोरुग्णालयाच्या चौकाला आपण अजून पागलखाना चौकच म्हणतो. तिथल्या ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून उभं राहावं लागतं.

पहिल्या मुद्द्यावर काय बोलायचं? इथला माणूस ‘मी उदास आहे’ म्हणत नाही; डोकं जड झालं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही म्हणतो आणि गोळी घेऊन घरी येतो. म्हणून विचारणाऱ्यालाही झोपेपासून, भुकेपासून सुरुवात करावी लागते. तक्रार वेगळी सांगितली म्हणून आजार परदेशी होत नाही.

चौथा मुद्दा निखालस खोटा आहे. सरळ, आस्थेनं विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटना हे कितीतरी वर्षं सांगतेय. विदर्भात राहून हा मुद्दा पुढे पाठवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आत्याच्या मुलाला मी हा पाठवलाय आणि ज्या ग्रुपवर ती पोस्ट टाकली, त्याच ग्रुपवर टाकायला सांगितलंय. अजून टाकलेला नाही.