नवऱ्याची सही कायद्यात कुठे आहे, ते दाखवा

एक मेसेज सध्या घराघरातल्या ग्रुपवर फिरतोय. लाल अक्षरं, शेवटी जोडलेले हात, आणि 'आपल्या बहिणींच्या माहितीसाठी' अशी मखलाशी. म्हणणं थोडक्यात असं: परळीच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर महाराष्ट्रात गर्भपाताला बंदी आहे. अगदी करायचाच तर नवऱ्याची लेखी संमती लागते. लग्न न झालेल्या मुलीला परवानगीच नाही. प्रत्येक केस डॉक्टरने पोलिसांना कळवायची असते. आणि एकदा पिशवी साफ केली की पुन्हा मूल राहत नाही.

माझ्या मावसबहिणीला हा मेसेज तिच्या नणंदेने पाठवला. हिला दोन मुलं, तांबी (कॉपर-टी) बसवलेली असूनही दिवस गेलेले, नवरा जहाजावर. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात काउंटरवरच सांगितलं, "मिस्टरांना घेऊन या." मिस्टर भर समुद्रात. मला फोन करून म्हणाली, "ताई, मेसेजमध्ये पण तसंच लिहिलंय, म्हणजे खरंच असेल ना?" तेव्हापासून डोकं तापलंय.

आधी बंदीचं बघू. गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, 1971 चा, 1 एप्रिल 1972 पासून लागू. तो महाराष्ट्रापुरता बंद करणारा कुठलाही वेगळा कायदा नाही. उलट हा कायदा ज्या समितीच्या अहवालावरून आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. परळीत 2012 साली आणि म्हैसाळला 2017 साली जे उघडकीला आलं ते भयंकरच होतं. म्हैसाळला 19 भ्रूण पुरलेले सापडले. पण तिथला मुद्दा मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याचा. त्यासाठी वेगळा कायदा आहे, 1994 चा, आणि त्याच्याही आधी 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा स्वतःचा केला होता. सोनोग्राफी सेंटरच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी असते, ती त्या कायद्याची. ती पाटी वाचून 'गर्भपातच बंद' असं समजणारे खूप भेटतात, आणि त्यात शिकलेलेही असतात.

आता सहीचं. बाकी मुद्दे निदान अडाणीपणाचे म्हणता येतील, या मुद्द्यापायी मात्र बायकांचे आठवडे वाया जातात. कायद्याचं कलम 3, उपकलम 4. त्यात संमती एकाच व्यक्तीची आहे, त्या गर्भवती स्त्रीची. ती अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. नवरा हा शब्द तिथे नाही. सासू नाही, दीर नाही. संमतीचा जो सरकारी नमुना आहे, फॉर्म सी, तो एकदा डोळ्यांखालून घाला: मी अमुक, अमक्याची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, राहणार इथे, अमुक ठिकाणी माझा गर्भपात करायला संमती देते. खाली तारीख, ठिकाण, सही. नवऱ्याचं फार तर नाव येतं, तेही तिची ओळख म्हणून आणि बापाच्या नावाला पर्याय म्हणून. त्याच्या सहीला जागाच ठेवलेली नाही.

मग दवाखाने मागतात का? मागतात, कारण त्यांच्या स्वतःच्या छापील कागदावर 'नातेवाइकाची सही' अशी ओळ असते, आणि उद्या नवरा भांडायला आला तर काय, ही भीती. ती भीती समजते. पण असा एक नवरा खरोखरच कोर्टात गेला होता. माझी संमती न घेता गर्भपात केला म्हणून त्याने बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दारातूनच परत पाठवलं. आता कोणी वकील म्हणेल, 2007 च्या एका निकालात नवऱ्याला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना केलेला गर्भपात ही मानसिक क्रूरता ठरू शकते असं म्हटलंय. म्हटलंय. पण ते घटस्फोटाच्या खटल्यापुरतं. त्यावरून डॉक्टरने सही मागायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

अविवाहित मुलींचं उत्तर सोपं आहे. 2021 च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं केलं. म्हणजे गर्भनिरोधक साधन फसून दिवस गेले, तर वीस आठवड्यांपर्यंत लग्नाचा प्रश्नच येत नाही. ठराविक गटांना मिळणाऱ्या वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर 2016 मध्येच, भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका गरोदर कैद्याच्या निमित्ताने, शरीर तिचं तर निर्णयही तिचा, अशा अर्थाचं बजावलं होतं.

पोलिसांना कळवायचं हे म्हणणं अठराच्या आतल्या मुलीपुरतं खरं आहे. तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि कळवावं लागतं, पण 2022 च्याच निकालानुसार मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न देता. सज्ञान बाईच्या बाबतीत उलट आहे. तिचं नाव अधिकार नसलेल्याला फोडलं, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मूल न राहण्याबद्दल एवढंच: मान्यताप्राप्त ठिकाणी नीट केलेल्या गर्भपाताने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. भोंदूकडे जाऊन जंतुसंसर्ग ओढवून घेतला, तर येऊ शकते. आणि असले मेसेज बायकांना भोंदूकडेच ढकलतात.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आवडत नसली तरी. गर्भपात हा आपल्याकडे मागाल तेव्हा मिळणारा हक्क नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये तो अजूनही गुन्हाच आहे, स्वतः बाईसाठीसुद्धा. 1971 चा कायदा त्यातून सूट देतो, तीही डॉक्टरच्या मतावर. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, चोवीसपर्यंत ठराविक गटांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचं. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

बहिणीला मी सांगितलं ते असं. त्या काउंटरवर परत जाऊ नकोस. जिल्हा रुग्णालयात जा, स्त्रीरोग विभागात फॉर्म सी माग आणि तांबी असताना दिवस गेले हे स्पष्ट सांग, कारण साधन फसणं हे कायद्यानेच मान्य केलेलं कारण आहे. आणि लवकर जा. गोळ्यांनी होतं ते नऊ आठवड्यांपर्यंत. नवऱ्याच्या सहीची वाट बघत बसलीस तर तो पर्याय हातचा जाईल.